आकाश निरभ्र, तरी विमान जमिनीवर : ओझरच्या धावपट्टीवरची हवा

डिसेंबर-जानेवारी आला की नाशिककरांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरात सकाळी आठ वाजता लख्ख ऊन पडलेले असते, वर ढगाचा ठिपकाही नसतो, आणि ओझरहून सुटणाऱ्या विमानाला हवामानामुळे उशीर होणार असल्याचा संदेश मोबाइलवर येऊन पडतो. गेल्या जानेवारीत मामेबहिणीला विमानतळावर सोडायला निघालो, तेव्हा आमच्या गाडीतही हीच चर्चा चालली होती. आडगाव नाका मागे पडेपर्यंत काचेतून ऊन आत येत होते. दहाव्या मैलाच्या आसपास आलो आणि रस्त्याकडेच्या द्राक्षबागा अर्ध्याच दिसू लागल्या : मांडवाचा वरचा भाग उन्हात आणि बुंधे पांढऱ्या धुक्यात बुडालेले. जानोरीकडे वळल्यावर तर पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. वीस किलोमीटरच्या त्या प्रवासात आमची तक्रार आपोआप थांबली, पण प्रश्न मात्र मनात राहिला.

हा प्रश्न प्रवाशांपुरता नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत पहिले उड्डाण केले, आणि तेव्हापासून ओझरच्या आकाशाकडे पाहणाऱ्यांचे कुतूहल पुष्कळ वाढले आहे. काही दिवशी डोक्यावरून एकामागून एक विमाने जातात, तर काही दिवशी आकाश स्वच्छ असूनही शुकशुकाट असतो. त्यामागे इतरही कारणे असू शकतात. पण हवेचे कारण काय असते, ते समजून घेण्यासारखे आहे.

## ही धावपट्टी कोणासाठी आहे

ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एचएएलचा, मिग विमानांचा कारखाना सुरू झाला. मिग-२१, पुढे मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० एमकेआय ही विमाने येथे तयार झाली. वायुसेनेचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपोही येथेच आहे. प्रवासी टर्मिनल त्या मानाने अगदी अलीकडचे, २०१४ मधले. म्हणजे प्रवासी विमान ज्या पट्टीवर उतरते, ती मुळात नव्या किंवा दुरुस्त झालेल्या लढाऊ विमानांची चाचणी घेण्यासाठी बांधलेली आहे. तिची लांबी ३ किलोमीटर, दिशा पूर्व-पश्चिम आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर, म्हणजे २००० फुटांच्या आसपास. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचे बरेचसे विवेचन त्यांच्याभोवती फिरते.

शहराच्या दुसऱ्या बाजूला गांधीनगर येथे लष्कराचे हवाई तळ आहे. तेथे हेलिकॉप्टर वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था २००३ पासून काम करते. हेलिकॉप्टरला लांब पट्टी लागत नाही, पण हवेचे नियम त्यालाही चुकत नाहीत.

## हवा आकड्यांत कशी सांगतात

आपण "आज हवा छान आहे" असे म्हणतो, तेव्हा आपल्याला ऊन-पाऊस-गारठा एवढेच अभिप्रेत असते. वैमानिकाला त्याऐवजी एक छोटासा अहवाल मिळतो. त्याला मेटार म्हणतात. तो दर अर्ध्या किंवा एका तासाने निघतो आणि एका ओळीत बसतो. नमुन्यादाखल अशी एक ओळ डोळ्यासमोर आणू. पहिला आकडा ०९००४ असा असेल, तर त्याचा अर्थ वारा ९० अंशांवरून, म्हणजे पूर्वेकडून, ४ नॉट वेगाने येत आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पुढचा आकडा ०८०० असेल, तर आडव्या रेषेत ८०० मीटरपर्यंतच दिसते आहे. यालाच दृश्यमानता म्हणतात. ती १००० मीटरच्या खाली गेली की अहवालात धुके लिहितात; त्याहून अधिक, पण ५००० मीटरपर्यंत असेल, तर विरळ धुके. नंतर ढगांचा तळ किती फुटांवर आहे आणि आकाशाच्या आठ भागांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत, हे येते. शेवटी ०८/०७ अशी जोडी आणि हवेचा दाब.

ही जोडी मला सगळ्यांत बोलकी वाटते. पहिला आकडा तापमान आणि दुसरा दवबिंदू. दवबिंदू म्हणजे हवा जितकी थंड झाली की तिच्यातली वाफ पाण्याच्या थेंबांच्या रूपात बाहेर पडू लागते, ते तापमान. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेरून पाणी सुटते, कारण तांब्याला टेकलेली हवा दवबिंदूच्या खाली गेलेली असते. हे दोन आकडे एकमेकांच्या जितके जवळ, तितके धुके दाराशी आलेले. दुपारी त्यांच्यात १५ अंशांचे अंतर असले, तर धुक्याचा प्रश्नच येत नाही. पहाटे ते अंतर एका अंशावर आले, तर वैमानिक चहा घेत बसून राहतो.

दाबाचा आकडाही कमी महत्त्वाचा नाही. विमानातले उंची दाखवणारे यंत्र प्रत्यक्षात दाब मोजते आणि त्यावरून उंची काढते. त्यात त्या वेळचा, त्या ठिकाणचा दाब भरला नाही, तर दर एका हेक्टोपास्कलच्या (हे दाब मोजण्याचे एकक) चुकीमागे उंचीत सुमारे ३० फुटांची चूक होते. दहा हेक्टोपास्कलची चूक झाली, तर यंत्र ३०० फूट उंची दाखवत असताना चाके जमिनीला टेकलेली असू शकतात. म्हणून उतरण्यापूर्वी हा आकडा नियंत्रण मनोऱ्याकडून घेऊन वैमानिक तो मोठ्याने परत म्हणून दाखवतो.

## शहरात ऊन आणि ओझरला धुके, असे कसे

हवा सूर्याने तापते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात सूर्य जमिनीला तापवतो आणि जमीन हवेला. रात्री हाच व्यवहार उलट होतो. आकाश निरभ्र असले, की जमीन आपली उष्णता विनाअडथळा आकाशात सोडून देते; ढग असते, तर त्यांनी घोंगडीसारखी ती अडवून धरली असती. पहाटेपर्यंत जमीन शहाबादी फरशीसारखी गार पडते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे तळाशीच बसून राहते. परिणामी जमिनीलगत थंड आणि दोन-तीनशे फूट वर गेल्यावर उबदार, असा नेहमीपेक्षा उलटा थर तयार होतो. याला तापमानाचा उलटा थर म्हणू. एरवी उंचीबरोबर हवा गार होत जाते, म्हणून हा शब्द.

निफाड तालुक्यातल्या कोणत्याही द्राक्ष बागाईतदाराला ही गोष्ट पुस्तकाविना ठाऊक असते. पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला, की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तो रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबकने पाणी देतो. त्या शेकोटीचा धूर नीट पाहिला आहे का? तो सरळ वर चढतो, विजेच्या खांबाच्या उंचीच्या आसपास थबकतो, आणि कोणी वरून तळहात ठेवावा तसा आडवा पसरतो. तो जिथे थबकतो, तिथे उबदार हवेचे छत असते. धूर त्या छताला छेदून वर जाऊ शकत नाही, म्हणूनच ऊब बागेत टिकते आणि शेतकऱ्याची रात्र सार्थकी लागते. पण त्याच छताखाली ओलावाही कोंडून राहतो. धुराचे बारीक कण त्या ओलाव्याला थेंब धरण्यासाठी आयते आधार देतात. शेतकऱ्याला जे छत हवे असते, तेच धावपट्टीला नडते. आणि हे दोन्ही एकाच शिवारात, एकाच पहाटे घडत असते.

आता शहर आणि ओझर यांतला फरक लक्षात येईल. शहरात सिमेंट, डांबर आणि भिंती दिवसभराची उष्णता रात्रभर थोडी थोडी सोडत राहतात, त्यामुळे तेथे पारा दवबिंदूपर्यंत उतरत नाही. ओझरभोवती मात्र बाणगंगेचे खोरे, कालव्यांचे पाणी, ओल्या बागा आणि मोकळी जमीन आहे. थंडीच्या लाटेत निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात राज्यातले नीचांकी तापमान नोंदले जाते, ही बातमी आपण दर वर्षी वाचतो. ते केंद्र ओझरपासून फार दूर नाही.

येथे एक बारकावा सांगायला हवा. धुके पडण्यासाठी वारा अगदी शून्य असून चालत नाही. हवा पूर्ण स्तब्ध असेल, तर ओलावा गवतावर दव होऊन बसतो आणि हवा स्वच्छ राहते. दोन ते पाच नॉटची अगदी मंद झुळूक असली, की ती गार हवेला हलकेच ढवळते आणि धुक्याचा थर जाड होतो. दहा नॉटच्या पुढे वारा गेला, तर वरची उबदार हवा खाली मिसळून धुके टिकतच नाही. याचा अर्थ असा, की धुके पडणार की दव, हे दोन-तीन नॉटच्या फरकावर ठरते. अंदाज कितीही कुशलतेने वर्तवला, तरी आदल्या संध्याकाळी एवढा बारीक फरक छातीठोकपणे सांगता येत नाही. अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर आकाश मोकळे झाले, तर दुसऱ्या पहाटे धुक्याची शक्यता दाट असते, एवढे मात्र बागाईतदार आणि हवामानतज्ज्ञ दोघेही सांगतील.

## वरून पट्टी दिसते, मग उतरता का येत नाही

असा अनुभव वैमानिकांना वारंवार येतो आणि तो ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. विमान पट्टीच्या बरोबर वर असताना खाली धावपट्टी, दिवे, उभ्या गाड्या सगळे स्पष्ट दिसते. वळसा घालून उतरायला समोर आले, की सगळे नाहीसे होते.

कारण साध्या भूमितीत आहे. धुक्याचा थर ३० मीटर जाड आहे असे धरू. सरळ खाली पाहिले, तर नजर फक्त ३० मीटर धुके पार करते. उतरताना मात्र विमान सुमारे ३ अंशांच्या कोनात येते, म्हणजे नजर त्या थरातून फार तिरकी जाते. तेवढ्या तिरकेपणाने तोच थर १९ पट जाड होतो. ३० मीटरचे सुमारे ५७० मीटर होतात. मलमलीच्या एका पदरातून पलीकडचा चेहरा ओळखू येतो. त्याच पदराच्या एकोणीस घड्या डोळ्यांसमोर धरल्या, तर दिवासुद्धा दिसणार नाही.

यासाठी उतरण्याच्या मार्गदर्शक प्रणाली असतात. त्या रेडिओ लहरींनी विमानाला पट्टीच्या रेषेत आणि योग्य उतारावर ठेवतात. पहिल्या श्रेणीच्या प्रणालीत वैमानिकाला जमिनीपासून २०० फुटांपर्यंत यंत्रांवर विसंबून येता येते आणि पट्टीवरील दृश्यमानता किमान ५५० मीटर लागते. २०० फुटांवर पट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर क्षणाचाही विचार न करता पुन्हा वर जायचे, असा नियम आहे. २०० फूट म्हणजे वीस मजली इमारतीची उंची. ताशी २६० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला तेथून जमीन सुमारे सोळा सेकंदांवर असते, आणि ५५० मीटर अंतर तर ते आठ सेकंदांच्या आत कापते. या आठ सेकंदांत माणसाने पाहायचे, पट्टीशी नीट जुळले आहे की नाही हे ठरवायचे आणि हात हलवायचा. ५५० या आकड्याकडे मग कोणी सरकारी आडमुठेपणा म्हणून पाहणार नाही, असे मला वाटते.

## मे महिन्यात धावपट्टी कळसूबाईवर जाते

हिवाळ्याची गोष्ट डोळ्यांना दिसते तरी. उन्हाळ्याची अडचण पूर्णपणे अदृश्य असते. आकाश निळे, दृश्यमानता उत्तम, वारा सौम्य, आणि तरीही जड विमानाला दुपारी दोन वाजता उडणे नको असते.

पंखांना उचलून धरणारी वस्तू म्हणजे हवा, आणि तापलेली हवा विरळ असते. विमानांच्या जगात सगळी गणिते एका प्रमाण हवेवर बेतलेली असतात : समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंश कमी. या हिशेबाने २००० फुटांवरच्या ओझरला ११ अंश तापमान "प्रमाण" ठरते. मे महिन्याच्या दुपारी तेथे ४० अंश असतील, तर फरक २९ अंशांचा झाला. प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे हवा सुमारे १२० फूट आणखी उंचीवर असल्यासारखी विरळ होते. २९ गुणिले १२० म्हणजे ३४८०. त्यात मूळचे २००० मिळवले, की साडेपाच हजार फूट होतात. या आकड्याला घनता उंची म्हणतात, म्हणजे हवेच्या विरळपणावरून मोजलेली उंची. कळसूबाईचा माथा ५४०० फुटांवर आहे. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर कोणी धावपट्टी बांधली असती, तर प्रमाण तापमानात तेथे जशी हवा मिळाली असती, तशी हवा मे महिन्याच्या दुपारी ओझरच्या पट्टीवर असते. पट्टी जागची हललेली नसते. विमानाला मात्र ती डोंगरमाथ्यावर गेल्यासारखी भासते.

एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के विरळ असते. पंखांना तेवढेच बळ मिळवण्यासाठी विमानाला सुमारे साडेआठ टक्के अधिक वेगाने धावावे लागते. जिथे ताशी २६० पुरले असते, तिथे २८० च्या पुढे जावे लागते. इंजिनालाही हवा कमी मिळते, त्यामुळे जोर कमी पडतो. म्हणजे गाठायचा वेग वाढला आणि तो गाठून देणारी शक्ती घटली. उतरताना हेच उलट अंगाने येते : ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून साडेआठ टक्के वेगासाठी ब्रेकांवर सुमारे १८ टक्के अधिक भार पडतो.

हेलिकॉप्टरला हे अधिक जाचते. एका जागी अधांतरी उभे राहताना ते पूर्णपणे आपल्या पात्यांच्या जोरावर असते, आणि विरळ हवेत त्यासाठी इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद खर्च होते. शिकाऊ वैमानिकासाठी हाताशी थोडी ताकद शिल्लक असणे आवश्यक असते.

यातून एक गमतीशीर उलटापालट निघते. हिवाळ्यात सकाळ वाईट आणि दुपार उत्तम. उन्हाळ्यात सकाळ उत्तम आणि दुपार वाईट. विमान तेच आणि पट्टी तीच, पण उड्डाणाला सोयीची वेळ ऋतूप्रमाणे घड्याळात सरकत राहते.

## वाऱ्याशी जुळवून घेणे

विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि उतरते, कारण समोरून येणारा वारा पंखांना आयती मदत देतो आणि जमिनीवरचा वेग कमी ठेवतो. ओझरची पट्टी पूर्व-पश्चिम असल्याने ती पूर्वेकडे जाताना ०९ आणि पश्चिमेकडे जाताना २७ या आकड्यांनी ओळखली जाते. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरचे ९० आणि २७० अंश, शेवटचे शून्य गाळून. पावसाळ्यात आपल्याकडे वारे पश्चिम-नैर्ऋत्येचे आणि हिवाळ्यात बहुधा पूर्व-ईशान्येचे असतात, त्यामुळे ही दिशा बऱ्यापैकी सोयीची आहे.

अडचण आडव्या वाऱ्याची. मोटारसायकलवरून मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर चढताना कठड्याचा आडोसा संपला की वाऱ्याचा झोत कसा बाजूला ढकलतो, ते आठवावे. २४० अंशांवरून २० नॉटचा वारा असेल, तर पट्टीशी त्याचा कोन ३० अंशांचा होतो, आणि त्यातला निम्मा, म्हणजे १० नॉट, आडवा लागतो. तोच वारा थेट दक्षिणेकडून आला, तर वीसच्या वीस नॉट आडवे. प्रत्येक विमानाला आडव्या वाऱ्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. वेग कमी करण्यासाठी मागे छत्री सोडणाऱ्या सुखोईसारख्या विमानाला आणखी एक काळजी घ्यावी लागते : आडवा वारा त्या छत्रीला एका बाजूला ओढतो आणि तिच्यामागून विमानाचे शेपूटही.

वळवाच्या दिवसांतली धास्ती वेगळी आहे. मोठ्या गडगडाटी ढगाखालून थंड हवेचा लोंढा जमिनीवर आदळतो आणि चहूबाजूंना पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा लागतो आणि काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येऊ लागतो. पंखांना मिळणारी मदत अचानक काढून घेतल्यासारखे होते, आणि तेही जमीन अगदी जवळ असताना. ढग दहा किलोमीटर दूर असला, तरी त्याच्या पुढे धावणारा धुळीचा झोत पट्टीवर आधीच पोहोचतो. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वीच उड्डाणे थांबवली जातात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. इगतपुरी-त्र्यंबकच्या मानाने ओझरला पाऊस कमी, पण ब्रह्मगिरी-अंजनेरीवर टेकलेले ढग पूर्वेला सरकले, की ढगांचा तळ खाली येतो. नजरेने उडण्याच्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या परिसरात ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ किमान १५०० फुटांवर लागतो. पट्टीवर पाण्याचा थर साचला, तर चाके त्यावर तरंगू शकतात आणि ब्रेक लागेनासे होतात. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थासाठी विमानांची ये-जा वाढेल, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा विचार वेळापत्रकात आधीच व्हायला हवा.

## "लढाऊ विमान तर कोणत्याही हवेत उडते"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. सुखोई किंवा तेजस यांना रात्री, ढगांत आणि पावसातही उडता येते. पण ओझरहून उडणारे विमान बहुतेक वेळा चाचणीसाठी उडते, आणि फरक तेथेच आहे. सीमेजवळच्या तळावरचे विमान सिद्ध झालेले असते आणि अनिश्चित असते ती मोहीम. ओझरला विमान नवे किंवा पूर्ण उघडून पुन्हा जोडलेले असते; अनिश्चित असते ते विमानच. ज्या उपकरणांच्या भरवशावर ढगांतून उडायचे, ती बरोबर आकडे दाखवतात की नाही, हेच तपासायला वैमानिक वर गेलेला असतो. अशा वेळी त्याला क्षितिज, जमीन आणि पट्टी डोळ्यांनी दिसली पाहिजे. दुरुस्त केलेली मोटार गॅरेजवाला प्रथम मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहतो, पावसाळी रात्री कसारा घाटात नेत नाही.

खाली काय आहे, याचाही विचार असतो. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई कोसळले आणि दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले. त्या अपघाताचा हवामानाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण विमानात काही बिघडले, तर खालची वस्ती टाळून मोकळी जागा शोधण्यासाठी वैमानिकाला जमीन दिसत असणे किती मोलाचे आहे, हे त्या शिवाराजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

## "मग अधिक चांगली यंत्रे का बसवत नाहीत"

दिल्लीला दाट धुक्यातही विमाने उतरतात, हे खरे. तेथील तिसऱ्या श्रेणीच्या प्रणालीला पट्टीच्या मध्यभागी आणि कडांना दाट दिव्यांच्या रांगा, काही ठिकाणी दृश्यमानता मोजणारी यंत्रे, क्षणभरही खंड न पडणारा वीजपुरवठा आणि जमिनीवरच्या गाड्यांसाठी स्वतंत्र शिस्त लागते. शिवाय त्या विमानाला आणि त्या विशिष्ट वैमानिकाला तशा उतरण्याची परवानगी असावी लागते. नुसती पट्टी सज्ज असून भागत नाही. वर्षातल्या मोजक्या सकाळींसाठी एवढा खर्च करावा का, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. माझे मत असे, की ओझरला सकाळची विमाने वाढत असतील, तर निदान दृश्यमानता मोजणे आणि दिव्यांची व्यवस्था यांवर खर्च करणे योग्य ठरेल. पण धुके एरवी दहाच्या सुमारास विरत असेल, तर हिवाळ्यापुरते विमान साडेदहाला ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

## "धुके विरले, आता काय अडले?"

त्या सकाळी आम्हीही हेच विचारत होतो. नऊच्या पुढे टर्मिनलच्या काचेतून पट्टीचे दूरचे टोक दिसू लागले आणि बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. सूचनाफलक मात्र बदलला नाही.

ऊन जमिनीला तापवू लागते, तेव्हा धुके एकदम नाहीसे होत नाही. ते तळापासून विरते आणि वर उचलले जाते. ज्या थरामुळे समोरचे दिसत नव्हते, तोच थर आता तीन-चारशे फुटांवर ढग होऊन लटकतो. जमिनीवर उभ्या असलेल्या प्रवाशाला तीन किलोमीटर दिसते, पण वरून येणाऱ्या वैमानिकाला पट्टी अजून झाकलेलीच असते. तापमान आणि दवबिंदू यांत एका अंशाचे अंतर पडले, की ढगांचा तळ सुमारे ४०० फूट वर सरकतो. अडीच अंशांचे अंतर पडले, की हजार फूट. ऊन वाढते तसे हे अंतर वाढत जाते आणि मग ढगाला भोके पडू लागतात.

शिवाय आपण ज्या विमानाने जाणार, ते बहुधा अजून आलेलेच नसते. ओझरला दृश्यमानता कमी आहे हे कळल्यावर ते आपल्या मूळ शहरात थांबवलेले असते, कारण निघाल्यावर येथे उतरता आले नाही, तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके आणि तेथे घिरट्या घालण्याइतके इंधन बरोबर घ्यावे लागते. येथे हवा सुधारल्यावर ते तिकडून निघते, दीड-दोन तासांनी पोहोचते, प्रवासी उतरतात, नवे चढतात. मधल्या वेळेत चाचणीसाठी थांबलेल्या विमानांनाही तीच पट्टी हवी असते.

मामेबहिणीचे विमान साडेअकराला आले. तोवर पट्टीवरून दोन लढाऊ विमाने उडून गेली होती, आणि बाहेर जानोरीच्या रस्त्याकडेच्या बागांत शेतकरी ओली पाने सुकताच फवारणीच्या तयारीला लागले होते.